खिळ्यांचा माग

तुमच्यासमोर एका छापील पानाचा फोटो आहे. वर संस्कृत श्लोक, मोठ्या टायपात. त्याखाली टीका, जरा बारीक. तळाशी पाठभेदांच्या टिपा, त्याहून बारीक. पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलंय, शेवटची पानंही गेलीत. कुणी छापलं, कुठे, कधी, हे सांगणारा एकही शब्द उरलेला नाही. उरली आहेत ती अक्षरं, आणि तुम्हाला त्यांच्याकडूनच सगळं काढून घ्यायचं आहे.

फोटोवरून फॉन्ट ओळखून देणारी साधनं आज हाताशी आहेत. त्यांना हे पान दाखवलंत तर ती आपल्याजवळच्या संगणकीय फॉन्टांतला त्यातल्या त्यात जवळचा एक पुढे करतील. या पानाला त्याचा उपयोग नाही. हे पान छापलं गेलं तेव्हा टाइप म्हणजे शिशाचे खिळे होते, लाकडी खणांत भरलेले, आणि प्रत्येक खिळ्यावरचं वळण कुणा एका माणसाच्या कानशीनं ठरवलेलं होतं. त्या माणसापर्यंत पोचायचं तर पानातल्या खुणा धरून उलट चालत जावं लागेल.

निघण्याआधी फोटो पुन्हा काढा. पान सपाट ठेवा, कॅमेरा अगदी वरून धरा, आणि पानाच्या कडेला फूटपट्टी ठेवा. फूटपट्टीशिवाय काढलेल्या फोटोत अक्षराची उंची कळत नाही, आणि एकाच वळणाचे लहानमोठे टाइप एकमेकांत मिसळून जातात. लागोपाठच्या वीस ओळी मिळून किती जागा घेतात ते मोजून लिहून ठेवा. मग दिवा एका बाजूला, अगदी खाली ठेवून आणखी एक फोटो घ्या. तिरक्या उजेडात कागदाची पाठ पाहिलीत तर बारीक उंचवटे दिसतील. तिथे धातू कागदात रुतला होता.

आता एकच अक्षर धरा. क घ्या. पानात तो पंचवीस-तीस वेळा सहज आला असेल. त्यातले दोन शेजारी ठेवून पाहा, मग तिसरा, मग चौथा. शाई कमीजास्त असेल, पण घडण तीच. काना कुठे जाड होतो, पोटातली पोकळी केवढी, शेपूट कुठे वळतं, सगळं तसंच. हाताने लिहिलेल्या क-मध्ये हे होत नाही. म्हणजे हे खिळे आहेत. शिरोरेघ नीट पाहा: ती सलग नाही, दर अक्षराच्या सीमेवर केसाएवढी फट आहे. दोन खिळे शेजारी बसले की त्यांच्यामध्ये ती राहतेच. आणि दुसऱ्या श्लोकातल्या ‘धर्म’वरचा रफार टोकाला तुटलेला आहे. त्यावर बोट ठेवा. तिसऱ्या पानावर ‘सर्व’वर तोच तुटका रफार पुन्हा भेटतो. पान छापून झाल्यावर खिळे आपापल्या खणात परत गेले आणि तोच जखमी खिळा पुन्हा हाती लागला. इथून पुढचा रस्ता या रफारावरूनच जातो.

तुम्ही डोळे वर करता ते मुंबईत, काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये. साल १८८६.

गल्ली अरुंद आहे, आणि निर्णयसागर छापखान्याच्या दारातूनच यंत्राचा धडधडाट अंगावर येतो. तेल, ओली शाई, घाम आणि ताज्या कागदाचा वास एकत्र येतो. आत जुळारी ओळीनं उभे आहेत, प्रत्येकापुढे उतरत्या फळीवर खणांची केस. इंग्रजी जुळाऱ्याला दीडशेच्या आसपास खण पुरतात. इथे नजर पोचेल तिथवर खण आहेत, कारण काना, मात्रा, अर्धी अक्षरं, पूर्ण जोडाक्षरं, सगळ्यांना स्वतंत्र जागा हवी. जुळारी खणाकडे बघतच नाही. त्याची नजर हस्तलिखितावर आहे, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, आणि उजवा हात आपोआप ‘ङ्क’पासून ‘द्भ’पर्यंत जाऊन येतो. स्टिकमधली ओळ तो उलटी वाचतो, डोकं खाली, पाय वर, पण डावीकडून उजवीकडे, आणि तीही तुम्ही सुलटी वाचाल त्याहून वेगानं.

यंदाच इथून काव्यमाला ही संस्कृत ग्रंथमाला निघू लागली आहे. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि इथले काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. प्रूफं पंडितांकडे जातात, परत येतात, पुन्हा जातात. छापखान्यातल्या माणसांना संस्कृत येतंच असं नाही, पण चुकलेला विसर्ग त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एका टेबलावर नुकतंच उतरलेलं पान पडलं आहे: वर श्लोक मोठ्या टायपात, खाली टीका, तळाशी टिपा. तुमच्या फोटोतल्या पानाचीच मांडणी. तीन आकारांचे टाइप एका पानात घालायचे, तिन्ही एकाच वळणाचे हवेत, आणि सर्वांत बारीक टायपातही ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर स्वच्छ उठलं पाहिजे. हिंदुस्थानात त्या काळी हे इतक्या सातत्यानं कुणी करत असेल तर ते इथे. पुढची कित्येक दशकं जर्मनीपासून काशीपर्यंतचे संस्कृतचे अभ्यासक या छापखान्याची पुस्तकं हाती धरून वाचत राहिले. माझ्या मते त्याचं निम्मं श्रेय संपादकांचं आणि निम्मं टायपाचं.

जुळाऱ्याच्या हातातला एक खिळा मागून घ्या. तो नाखुशीनं देईल. ‘र्’चा हा रफार खिळ्याच्या मूळ अंगाबाहेर लोंबतो आहे, तेवढा भाग शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकतो, म्हणून तो अक्षराच्या डोक्यावर नेमका बसतो. आणि म्हणूनच तो तुटतो. तो लोंबता भाग आधाराशिवाय असतो. दाब जरा जास्त पडला, खिळा हातातून पडला, की टोक गेलं.

मालक जावजी दादाजी आत कुठेतरी आहेत. वय सत्तेचाळीस. त्यांना भेटायला थांबू नका. त्यांना भेटायचं तर त्यांच्या तरुणपणात जायला हवं. आधी १८६४.

अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला आहे. शहर शेअर आणि भरावाच्या जमिनींच्या गप्पांत बुडालेलं आहे. पंचवीस वर्षांच्या जावजींनी मात्र पैसा टाइप ओतण्याच्या कारखान्यात घातला आहे. छापखाना अजून पाच वर्षं दूर आहे, तो १८६९ साली निघेल. आधी अक्षर, मग छपाई, असा त्यांचा क्रम आहे.

खिडकीजवळ, उजेड डाव्या हाताला घेऊन, राणोजी रावजी आरू बसले आहेत. त्यांच्यापुढे शेगड्यात घट्ट धरलेली मऊ पोलादाची कांडी आहे, बोटाएवढी. तिच्या टोकाच्या चौकोनावर ते झ कोरत आहेत. उलटा. तुम्ही श्वास रोखून पाहता. झ-ची आतली पोकळी त्यांनी कानशीनं कोरलेली नाही. ती एका दुसऱ्या, आणखी बारीक ठशानं ठोकून आत दाबली आहे, कारण तेवढ्या जागेत कुठलीच कानस शिरत नाही. बाहेरची वळणं मात्र कानशीची. दोन घाव, मग थांबून भिंग. मग ठसा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, त्यावर काजळी धरली की ओल्या कागदावर दाबायचा. कागदावर उमटतो तो सुलटा झ, काळाभोर, पाव इंचाहूनही लहान. आरू तो उजेडात धरतात, शेपटाकडे बघतात आणि पुन्हा कानस उचलतात. शेपूट अजून जड आहे.

ठसा मनासारखा झाला की तो तापवून पाण्यात बुडवतात, पोलाद कडक होतं. मग तो तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा. तांब्यात जो खोलगट झ उमटतो तो साचा. साचा ओतकामाच्या चौकटीच्या तळाशी बसवला, वितळलेलं शिसं, अँटिमनी आणि कथिलाचं मिश्रण वरून ओतलं, क्षणभर थांबून चौकट उघडली की खिळा. एका साच्यातून लाखो. आरूंच्या कानशीनं शेपटाची जी जाडी आज ठरवली ती त्या प्रत्येक खिळ्यावर येणार, तिथून पानावर, आणि दीडशे वर्षांनी तुमच्या फोटोत.

इथे एक सावधगिरी. हा कारखाना टाइप ओतून बाहेरही विकतो. एखाद्या दुसऱ्या गावच्या छापखान्यानं इथले खिळे घेतले तर त्याच्या पानावरही आरूंचाच झ दिसेल. म्हणून वळण ओळखलं म्हणजे छापखाना ओळखला, असं होत नाही. कागद, पानाची रुंदी, समासातल्या खुणा, पृष्ठांकाभोवतीच्या रेघा आणि तो तुटका रफार, हे सगळं मिळून छापखान्याचं नाव सांगतात. एकटं वळण फक्त कारखान्याचं नाव सांगतं.

आरूंना हे वळण कुठून सुचलं? बालबोध पोथीतून, अर्थातच. बोरू ज्या कोनात धरला की आडवी रेघ बारीक आणि उतरती रेघ जाड येते, तो कोन या ठशात आहे. पण पोथी आणि पोलाद यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, आणि जावजी तिथून आले आहेत. पंधरा वर्षं मागे चला.

मुंबईतला अमेरिकन मिशनचा छापखाना. एका बाकावर दहा-एक वर्षांचा मुलगा दगडावर खिळे घासतो आहे. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या अंगाला धातूचे टोकदार काठ राहतात. ते घासून काढल्याशिवाय खिळे एकमेकांशेजारी सरळ बसत नाहीत. काम कंटाळवाणं आहे, पगार महिना दोन रुपये, बोटं काळी. पण दिवसभर एकेक अक्षर उचलायचं, फिरवायचं, घासायचं आणि ठेवायचं. अक्षराची बांधणी शिकायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. हा मुलगा म्हणजे जावजी.

छापखान्याचा दुसरा माणूस टॉमस ग्रॅहम. त्यानं इथे मराठीचे ठसे कापले. त्याच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. मिशननं १८१७ साली पहिली मराठी पत्रिका छापली ती कलकत्त्याहून आणलेल्या खिळ्यांनी. ते खिळे थोराड होते, पानावर थोडा मजकूर मावे, कागद फार लागे. बायबल छापायचं तर अक्षर लहान हवं, आणि लहान करताना मात्रा-उकार तुटायला नकोत.

एका गॅलीतली, म्हणजे जुळलेला मजकूर ठेवायच्या तबकातली, ओळ वाकून पाहा. ती एक ओळ नाही, तीन आहेत. मधल्या ओळीत अक्षरं, वरच्या पातळ ओळीत वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार, खालच्या पातळ ओळीत उकार. वरच्या-खालच्या ओळीत जिथे काही नाही तिथे कोरी शिशाची भर. छापखान्यांत पुढे या पद्धतीला ‘डिग्री’ म्हणू लागले, आणि अक्षराच्या खांद्यावर टेकणाऱ्या मात्रांच्या टायपाला ‘अखंड’. फोटोत हा फरक दिसतो. डिग्रीच्या पानात मात्रा शिरोरेघेपासून किंचित सुटलेली असते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकलेली, आणि एका ओळीतल्या साऱ्या मात्रा एकाच सरळ पातळीवर चालतात. अखंडात मात्रा शिरोरेघेत मिसळते. तुमच्या पानातला रफार अक्षराला चिकटून बसला आहे. म्हणजे ते पान या बाकाच्या पुढच्या काळातलं.

जाण्यापूर्वी इथले आकडे आणि दोन-तीन अक्षरं पाहून घ्या, कारण तुमच्या पानाचं गाव ठरवायला ती लागतील. ५, ८ आणि ९ यांची मुंबईतली वळणं वेगळी, कलकत्त्याकडची वेगळी. अ आणि झ यांचीही तीच गोष्ट. मुंबईच्या अ-मध्ये डावीकडे तीनच्या आकड्यासारखा भाग असतो. उत्तरेकडच्या जुन्या टायपात त्या जागी निराळंच वळण येतं. उत्तरेकडचा जुना झ तर प्रथमदर्शनी भ-ला शेपूट फुटल्यासारखा वाटतो. कुठल्याही जुन्या देवनागरी पानाचा फोटो हाती आला की मी आधी अ, झ आणि ५ शोधतो. तीनही मुंबई वळणाचे निघाले तर अर्धा नकाशा बाजूला ठेवता येतो.

आणखी मागे. १८३१.

याच मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी आता स्वतःचं काही करू पाहत आहेत. त्यांच्याकडे खिळे नाहीत. दगड आहे. तुम्ही आत शिरता तेव्हा गुळगुळीत घोटलेली शिळा पाण्यानं पुसली जात असते. त्याआधी एका लेखकानं तेलकट शाईनं कागदावर पान लिहिलं, तो कागद शिळेवर दाबला, आणि अक्षरं उलटी होऊन दगडावर उतरली. आता ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरतो. पाणी शाईला दूर ठेवतं, तेलकट अक्षरं तिला धरतात. वर कागद, वर दाब, आणि निघतं शके १७५३ चं छापील पंचांग.

याच पंचांगाचा फोटो तुमच्या हाती आला असता तर क-ची परीक्षा लगेच उत्तर देती. एकही क दुसऱ्यासारखा नाही. ओळीच्या शेवटी जागा अपुरी पडली की लेखकानं अक्षर दाटून लिहिलेलं दिसतं. शिरोरेघ सबंध शब्दावरून एका दमात ओढलेली, मध्ये फट नाही. कागदाच्या पाठीला उंचवटे नाहीत, कारण काहीच रुतलं नाही. इथे ओळखायचा असतो तो फॉन्ट नव्हे, त्या लेखकाचा हात, आणि एकच हात वेगवेगळ्या पुस्तकांत सापडू शकतो.

गणपत कृष्णाजींच्या गिऱ्हाइकांची अडचण वेगळी होती. छापाच्या शाईत चरबी असते, तिनं उमटवलेलं धार्मिक पुस्तक हाती कसं घ्यायचं? म्हणून शाईत तूप वापरत, असं सांगतात. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्यानं साधन आहे ते घेतलं, लोकांना पोथी जशी दिसावी वाटते तशीच छापली, आणि बाजार तयार झाल्यावर पुढे स्वतःचे खिळेही पाडले. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं त्यात या छापखान्याची दखल आहे. भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ साप्ताहिक १८४१ पासून इथेच छापलं जाऊ लागलं. मराठी छपाईची गोष्ट सांगताना दगडाला वगळून थेट शिशावर उडी मारणं बरोबर नाही. कोणतं वळण वाचकाच्या डोळ्याला आपलं वाटतं, हे दगडानं आधी दाखवून दिलं.

आता १८०५. एकाच वर्षी दोन ठिकाणी उभं राहायचं आहे.

पहिलं ठिकाण मिरज. पटवर्धनांच्या आश्रयाला आलेला एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर भगवद्गीता कोरतो आहे, सगळी अक्षरं उलटी. हे काम पुण्यात सुरू झालं होतं. नाना फडणवीसांनी ते मनावर घेतलं, पण १८०० साली ते वारले आणि कारागीर इकडे आला. पत्रा पूर्ण झाला की त्यावरून पान छापायचं. एक अक्षर चुकलं तर ते खणातून काढून बदलता येत नाही. आणि गीता छापून संपली की त्या पत्र्यावरून गीतेखेरीज दुसरं काहीही छापता येणार नाही. तांबटाचा हात मोठा कसबी आहे. त्यानं कोरलेला झ या पत्र्याबाहेर कुठेही जाणार नाही, एवढंच.

दुसरं ठिकाण हजार मैलांवर, हुगळीच्या काठी, डॅनिश वसाहत श्रीरामपूर. इथे विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापून होतं आहे, आणि त्यात देवनागरी खिळे आहेत. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवतात, त्यांच्या मदतीला वैजनाथ पंडित आहेत. ठसे कापणारे मात्र बंगाली लोहार. पंचानन कर्मकार चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली हे शिकले. १७७८ साली हुगळीत हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी विल्किन्सनं जे बंगाली खिळे केले, त्या कामात पंचानन होते. श्रीरामपुरात त्यांनी देवनागरीचे शेकडो ठसे हाती घेतले. त्यांच्या मागे त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम पुढे नेलं आणि चाळीसएक वर्षं चालवलं.

त्या व्याकरणाचं पान पाहा. अक्षर मोठं, जड, रुंद. मराठी भाषा, पण मराठी डोळ्याला जरा परकं वाटणारं, कारण ठसे कापणाऱ्या हाताला बोरूच्या बालबोधाची सवय नव्हती. १८१० साली केरींनी मराठी कोश छापला तो तर मोडीच्या खिळ्यांनी. कारण व्यवहारात मराठी माणूस लिहीत होता ते मोडीत.

११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. श्रीरामपूरचा छापखाना पेटला आहे. कागदाचे ढीग, केरींची हस्तलिखितं, कित्येक लिप्यांचे खिळे, सगळं जळतं आहे. शिसं वितळून फरशीवर वाहतं. ढिगारा निवल्यावर माणसं राख उपसतात आणि त्यांच्या हाती पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे लागतात, शाबूत. काही आठवड्यांत नव्यानं खिळे ओतणं सुरू होतं. म्हणूनच पानावरच्या अक्षराचा माग काढताना खिळ्यापाशी थांबायचं नसतं. खिळे झिजतात, मोडतात, वितळवून पुन्हा ओतले जातात. वळण टिकतं ते ठशात. एकाच ठशाचे खिळे तीस वर्षांच्या अंतरानं छापलेल्या दोन पुस्तकांत सापडतात, आणि केवळ वळणावरून साल सांगणारा फसतो तो इथेच. साल ठरवायला झीज पाहावी लागते: नव्या खिळ्यांच्या कडा तीक्ष्ण, जुन्यांच्या गोलसर, नव्या पानात ध-ची गाठ उघडी, जुन्यात शाईनं बुजलेली.

श्रीरामपूरच्याही मागे जाता येईल. गोव्यात रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठी ओव्या, पण रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे नव्हतेच. तिथे तुमचं पान शोधण्यासारखं काही नाही. मागे फिरा.

येताना वेगानं या. लोकमान्य टिळक खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत आहेत, कारण दर आठवड्याला ‘केसरी’ शेकडो खणांतून जुळवायचा म्हणजे माणसं आणि वेळ दोन्ही जातात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये हरि गोविंद गोविल देवनागरी लायनोटाइप या जुळणीच्या यंत्रावर बसवत आहेत. यंत्राला चाव्या मोजक्या, म्हणून जोडाक्षरं फुटतात, उभी चढलेली अक्षरं शेजारी-शेजारी येतात. ‘ट्ट’ एकाखाली एक आहे की आडवा, एवढ्यावरून हाताची जुळणी आणि यंत्राची जुळणी पुष्कळदा वेगळी काढता येते. तुमच्या पानात सगळी जोडाक्षरं उभी चढलेली आहेत. १९७१ साली बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ भाषा संचालनालय प्रकाशित करतं. सरकारी मुद्रणखात्याचे संचालक राहिलेल्या या माणसानं एकेका वळणाचा माग इतक्या चिकाटीनं काढला आहे, की या कामाला लागणाऱ्या प्रत्येकानं तो आधी उघडावा. मग संगणक. विंडोज २००० बरोबर घरोघरी आलेला ‘मंगल’ प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखलेला. त्यातला ल दंडाचा, हिंदीकडचा. महाराष्ट्र शासनानं २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ल नक्की केला. म्हणजे आजच्या फोटोतही, कुठल्याशा नोटिशीत, पाटीत, लग्नपत्रिकेत, ल पाहिला की निम्मं उत्तर मिळतं.

आता तुमच्या पानाची नोंद लिहा. खिळ्यांची छपाई, शिळा नव्हे. हाताची जुळणी. अखंड टाइप. अ, झ, ५ मुंबई वळणाचे. मूळ, टीका आणि टिपा तीन आकारांत, एकाच वळणात. टाइप निर्णयसागरचा असण्याचा संभव मोठा. छापखाना आणि साल अजून मोकळं ठेवा.

ते भरायला मुंबईत दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, किंवा टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत, आणि साल छापलेली काव्यमालेची पुस्तकं मागा. काही पुस्तकं जावजींच्या हयातीतली, म्हणजे १८९२ पूर्वीची घ्या. काही त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांचं नाव असलेली. वीस ओळींची उंची जुळते का पाहा. मग झ-चं शेपूट, मग ध-ची गाठ किती बुजली आहे ते. उंची जुळली आणि शेपूट जुळलं नाही, तर निर्णयसागरचा आग्रह सोडा आणि गुजराती टाइप फाउंड्रीचे नमुने मागवा. मुंबईत ठसे कापणारे हात आणखीही होते.